पहिल्या पानावरची सावरवाडी

यंदा थंडी लवकर उतरली. कापसाच्या गाड्या रस्त्याला लागल्या की ताडपत्रीच्या कडेनं निसटलेला कापूस बाभळीच्या काट्यांना अडकतो आणि जालन्यापासून पुढं मैलभर बाभळींना पांढरा बहर आल्यासारखा दिसतो. सकाळी दारात उभं राहिलं की जिनिंगच्या बाजूनं सरकीचा तेलकट, उबदार वास येतो. हातगाड्यांवर पेरू आणि वाटाण्याच्या शेंगा दिसायला लागतात. लोकांना हा कापसाचा हंगाम. मला हा कायम खेळांचा हंगाम वाटत आलाय, कारण आमच्या भागातली मैदानं खरी जागी होतात ती याच दिवसांत. जत्रांमधल्या कुस्त्या, शाळांचे खो-खो, गावोगावची कबड्डी, सगळं दिवाळी ते होळी या पट्ट्यात उरकतं.

अशाच एका सकाळी आमच्या पेपरमधल्या तरुण सहसंपादकाचा फोन आला. पेपरच्या वयाचा मोठा टप्पा पुरा होतोय, विशेष अंक निघतोय. "मॅडम, देशभरातल्या आवृत्त्यांमधून एकेक लेख घेतोय. मराठवाड्याचा इतिहास तुम्ही लिहा. मोठे क्षण असतील ना काही?"

आहेत, म्हटलं. पेपरचं नाव इथं मुद्दाम लिहीत नाही. आमच्याकडं कुणी ते घेतच नव्हतं. स्टॉलवर येऊन माणूस नुसतं म्हणायचा, "खेळाचा पेपर द्या." एवढं पुरे व्हायचं.

त्याचा इतिहास मला तोंडपाठ आहे. नव्यानं लागणाऱ्या प्रत्येकाला तो ऐकवला जातो. उत्तरेतल्या एका शहरात लग्नपत्रिका छापणारा एक कुस्तीवेडा छापखानेवाला होता. पत्रिका कापून उरलेल्या कागदावर तो दर आठवड्याला आखाड्यांचे निकाल छापायचा आणि स्वतः सायकलवरून तालमीतालमीत वाटायचा. त्याचं साप्ताहिक झालं, साप्ताहिकाचं दैनिक झालं. कुस्तीच्या शेजारी हॉकी येऊन बसली, फुटबॉल आला आणि क्रिकेट तर असं ऐसपैस आलं की बाकीच्यांना अंग चोरून बसावं लागलं. कागदाची टंचाई आली तेव्हा पानं कमी झाली, पण पेपर निघाला. रेडिओ आला तेव्हा लोक म्हणाले, आता शिळे निकाल कोण वाचणार. टीव्ही आला तेव्हा तेच म्हणाले, मोबाईल आल्यावर तर खात्रीनं म्हणाले. पेपर निघत राहिला. लोकांच्या एक गोष्ट लक्षात आली नव्हती. ज्यानं काल सामना डोळ्यांनी पाहिलाय, तोच सकाळी सगळ्यांत आधी पेपर उघडतो. आपण पाहिलं ते खरंच घडलं, याची त्याला छापील साक्ष हवी असते.

हे मला कुणी सांगितलं नाही. ते मी एका हिवाळ्यात शिकले, आणि मोठा क्षण विचारला की मला तोच हिवाळा आठवतो.

मी तेव्हा नुकतीच पदवी घेऊन परतूरच्या घरी बसले होते. शाळा-कॉलेजात खो-खो खेळले होते, लिहायची हौस होती. मराठी आवृत्ती औरंगाबादला छापायची आणि तिचं जालन्याचं कार्यालय मस्तगडात होतं. कार्यालय म्हणजे कापडदुकानाच्या वरची एक खोली. दोन टेबलं, एक फोन आणि एक फॅक्स मशीन. त्या मशीनवर क्रोशाचं विणलेलं आच्छादन. ते रफिक सरांच्या बेगमनं केलं होतं. रफिक सर उर्दू शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक आणि पेपरचे जिल्हा प्रतिनिधी. तरुणपणी हॉकी खेळताना गुडघा गेला तो गेलाच; जिना चढताना ते मधल्या पायरीवर थांबायचे आणि तिथूनच दिवसाची कामं सांगायला सुरुवात करायचे.

पहिल्याच दिवशी म्हणाले, "बेटा, तू भारी मराठी लिहितीस, अच्छी बात हाये. पण आपल्या पेपरात दोन गोष्टी आधी. खेळणाऱ्याचं नाव बराबर, गावाचं नाव बराबर. बाकी सब बाद में."

रोज सकाळी मी परतूरहून पॅसेंजरनं जालन्याला यायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचे. डब्यात पेरूच्या पाट्या, भाजीवाल्या बायका, कॉलेजच्या मुली. खिडकीबाहेर वेचणीला आलेला कापूस, मधूनच तुरीचे पिवळे पट्टे. वडिलांचा जुना स्वेटर माझ्या गुडघ्यांपर्यंत यायचा. पहिली नोकरी, पहिला हिवाळा आणि पिशवीत प्रतिनिधीचं ओळखपत्र! मला तेव्हा वाटायचं, गाडी माझ्यासाठीच सुटते.

चतुर्थीच्या यात्रेला राजूरला महिला कबड्डीचे सामने भरले. गणपतीला आलेली माणसं दर्शन झालं की प्रसादाचा पुडा हातात घेऊन मैदानाकडं वळत होती. अंतिम सामना परतूर आणि सावरवाडी यांच्यात. परतूर माझं गाव, तालुक्याचं ठिकाण; संघाला गणवेश, बूट, शिक्षक, सगळं होतं. सावरवाडी ही राजूरपासून आत, कच्च्या रस्त्यावरची वस्ती. त्यांच्या पोरी कापूस वेचून दुपारनंतर आलेल्या, हातांवर बोंडांचे ओरखडे, निरनिराळ्या रंगांचे टी-शर्ट.

सावरवाडीची कर्णधार मंगल. उंचीनं बेताची, खांद्यानं रुंद. परतूरची कर्णधार शाहीन, गाद्या भरणाऱ्या पिंजाऱ्याची मुलगी, लांब पायांची आणि वाऱ्यासारखी हलणारी. पहिल्या डावात परतूर पुढं होतं. मग मंगलनं एकेक पकड सुरू केली. ती चढाईवाल्या मुलीच्या मागं धावायचीच नाही. वाट बघत उभी राहायची आणि ती वळली की घोट्याला चिकटायची. शेवटी सावरवाडी एका गुणानं पुढं आणि परतूरची अखेरची चढाई. शाहीन आली. कोपऱ्यातल्या मुलीला हात लावून वळली, तेवढ्यात मंगलनं तिचा पाय धरला. शाहीन पडली, पण पडूनही सरपटत राहिली. मंगल आणि ती कोपऱ्यातली मुलगी, दोघींना ओढत ती मध्यरेषेकडं निघाली. बोट रेषेला लागलं असतं तर दोन गुण आणि सामना परतूरचा. धूळ इतकी उडाली की मागच्या लोकांना काही दिसेना. मी रेषेच्या टोकाशीच होते, मला दिसलं. शाहीनचं बोट अलीकडे राहिलं आणि तिचा दम तुटला. पंचानं शिट्टी मारली. सावरवाडी जिंकली.

माझ्या गावाचा पराभव मला लागला नाही असं नाही. पण असा सामना पाहायला मिळाला याचा आनंद त्याहून मोठा होता. मंगल धुळीनं माखलेली, तोंडावर पाणी मारत होती. मी नाव विचारलं तसं तिनंच मला विचारलं, "ताई, पेपरात येईल ना बराबर?"

"येईल की."

"न्हाई, मला लागतंच ते. औरंगाबादच्या शिबिराला निवड झालीय माझी. आप्पा म्हणून राह्यले, गावाबाहेर तुझा खेळ कुणी इचारतं का ते आधी दाखव. न्हाई तर माघात सोयरीक करून टाकतो."

"उद्याच्या अंकात बघ," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मस्तगडात बसून मी बातमी लिहिली. रफिक सरांनी वाचली, दोन्ही गावांच्या नावांखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि माझ्यासमोर फॅक्स केली. म्हणाले, "जल्दी घर जा. सकाळी पेपर बघ आणि चहा पी. पहिल्या पानाची बातमी हाये ही."

सकाळी परतूर स्टेशनवर गठ्ठे उतरले. बातमी पहिल्याच पानावर होती, खालच्या बाजूला, चौकटीत, माझ्या नावासकट. आणि मथळा होता, "परतूर अजिंक्य, सावरवाडीवर एका गुणाने मात".

मी तो पुनःपुन्हा वाचला. आत सगळं माझंच होतं, फक्त गावांची नावं उलटी. मंगलची पकड आता शाहीनची झाली होती आणि मंगल धुळीत सरपटत रेषेपर्यंत पोचू शकली नव्हती. स्टॉलवाला हसून म्हणाला, "वा, सुनंदाताई! गावाचं नाव काढलं तुम्ही." लोकांनी मुठी भरून पेपर नेले. चौकात सत्काराचा फलक रंगवायला घेतला गेला.

रफिक सर मधल्या पायरीवर न थांबता जिना चढलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्यांनी औरंगाबादला फोन लावला. बातम्यांच्या टेबलावरच्या माणसाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"अहो रफिकभाई, वाडीतला संघ तालुक्याला हरवतो होय? मला वाटलं, नवी मुलगी आहे, गडबडीत उलटं लिहिलं असेल. मी सरळ केलं."

"तुम्हाला वाटलं, तर विचारायचं होतं. फोन कशाला हाये?"

"बरं, चुकलं. आतल्या पानात बारीक खुलासा टाकतो."

"चूक पहिल्या पानावर, तर खुलासा पण पहिल्या पानावर."

पलीकडून हसू आलं. "पेपरच्या इतिहासात पहिल्या पानावर खुलासा कधी छापलेला नाही. वरून परवानगीच नाही."

सरांनी फोन ठेवला. मला म्हणाले, "चल. आधी सावरवाडीला."

आम्ही गेलो तेव्हा पेपर आमच्या आधी पोचला होता. राजूरहून कुणीतरी आणला होता. मंगलच्या घरासमोर कापसाचा ढीग आणि ढिगाजवळ तिचे वडील, आप्पा. त्यांनी आम्हाला बसायला बाज दिली, पाणी दिलं. रीत मोडली नाही. सरांनी काय झालं ते सांगितलं, माफी मागितली. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडं पाहिलं.

"तुमचं गाव कोणतं म्हणलात, बाई?"

"परतूर."

"मंग बराबर हाये."

एवढंच बोलून ते कापूस पिशवीत दाबायला लागले. मंगल दारात उभी होती. ती रडली नाही, भांडली नाही. मला म्हणाली, "तुम्ही तर रेषेजवळच होत्या ना, ताई." आणि आत गेली.

येताना आम्ही जीपमध्ये बसलो. सर म्हणाले, "बेटा, गलती तुझी न्हाई, माझी पण न्हाई. पण त्या माणसाला पेपर म्हणजे तू आणि मी. औरंगाबादचा टेबलवाला त्याला दिसत न्हाई." मग म्हणाले, "जोवर पहिल्या पानावर खरं छापून येत न्हाई, तोवर जालना जिल्ह्याची एक ओळ जाणार न्हाई."

हंगाम ऐन भरात होता. अंबड, भोकरदन, जाफराबाद, सगळीकडच्या वार्ताहरांना मी फोन केले. मला वाटलं होतं, माणसं कचरतील. पण प्रत्येकाच्या पोटात असं एखादं गाव होतं, ज्याचं नाव कधी ना कधी चुकलं होतं, गाळलं गेलं होतं. सगळे हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या जिल्ह्याच्या जागेत कुठल्याशा परदेशी क्रिकेटच्या बातम्या यायला लागल्या. कुस्त्या होत होत्या, निकाल छापून येत नव्हते. लोक स्टॉलवर विचारायला लागले, विक्रेते एजंटाला, एजंट औरंगाबादला. रफिक सर रोज वेळेवर येऊन बसायचे, फॅक्सवरचं आच्छादन झटकायचे आणि पुन्हा घालायचे. नोकरी जाईल अशी मला भीती होती. विचारलं तर म्हणाले, "गेली तर गेली. हॉकीत पण मी गोलीच होतो. समोरून कितीपण जण आले तरी जागा सोडायची न्हाई, एवढंच काम."

इकडं परतूरला वेगळंच सुरू झालं. सुरुवातीला लोकांना माहीत होतं की आपण हरलोय. गंमत म्हणून पेढे वाटले गेले. दोन-चार दिवसांत सूर बदलला. शाहीनचं बोट रेषेला लागलंच होतं, पंचाला धुळीत दिसलं नाही, पेपरनं खरं तेच छापलं, असं ठामपणे बोललं जाऊ लागलं. जे राजूरला आलेच नव्हते ते सर्वांत जास्त ठाम होते. चूक पोटात मुरते कशी आणि तिचं सत्य होतं कसं, हे मी माझ्याच गल्लीत पाहिलं. वडील म्हणाले, "आपल्या गावाचं चांगलं छापून आलंय, तुला कशाला तरास व्हायलाय?" मी म्हटलं, "मी पाहिलंय म्हणून."

सत्काराच्या आदल्या दुपारी मी शाहीनच्या घरी गेले. तिचे अब्बा अंगणात कापूस पिंजत होते. तारेचा झणझणाट आणि हवेत तरंगणारे तंतू. शाहीन गादीला टाके घालत होती.

"उद्या जाणार?" मी विचारलं.

"सगळे म्हणून राह्यले, जा. दीदी, मी इतकी अलीकडं होते." तिनं अंगठा आणि करंगळी ताणून वीतभर अंतर दाखवलं. "ती पोरगी पायाला अशी चिकटली होती, आतापण मला तिथं तिचा हात लागतो. मंग मी हार कशाचा घालून घेऊ?"

अब्बांनी पिंजण थांबवलं. म्हणाले, "जा तू. पण जे हाये ते बोलून ये."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चौकात खुर्च्या मांडल्या होत्या. भाषणं झाली. शाहीनचं नाव पुकारलं गेलं, हार पुढं आला. तिनं हार हातात घेतला, गळ्यात घातला नाही आणि माईकसमोर उभी राहिली.

"आमी हरलो," ती म्हणाली. "बोट रेषेला लागलं न्हवतं. मला ठावं हाये, माझंच बोट हाये. सावरवाडीच्या मंगलनं मला धरलं. पेपरात चुकून आलं. पुढच्या साली आमी जिंकू, तेव्हा हार घाला."

कुणी टाळी वाजवली नाही. मागून कुणीतरी "खाली बस" म्हणून ओरडलं. शाहीन खाली बसली नाही. तिच्या संघातल्या मुली उठून एकेक करून तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या शिक्षकांचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांनी मान खाली घातली आणि तेही मुलींच्या मागं जाऊन उभे राहिले. फलक कुणी उतरवला मला माहीत नाही, पण सकाळी मी स्टेशनला निघाले तेव्हा तो नव्हता.

हे सगळं मी औरंगाबादला कळवलं. बातमी म्हणून नाही. थेट संपादकांना फोन करून सांगितलं. त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "ती हरलेली मुलगी माझ्याबरोबर सावरवाडीला येईल का?"

पुढच्याच सकाळी ते रेल्वेनं जालन्याला उतरले. वयस्क, काटकुळे, गळ्यात मफलर. रफिक सरांशी हस्तांदोलन करत म्हणाले, "तुम्ही माझं पान बंद पाडलंत." सर म्हणाले, "पान तुमचंच हाये साहेब, म्हणून तर." दोघंही हसले नाहीत. जीपमध्ये मी, शाहीन आणि ते दोघे. वाटेत संपादक शाहीनला तिच्या खेळाविषयी विचारत होते आणि ती खिडकीच्या काचेवर बोटानं मैदान काढून दाखवत होती.

सावरवाडीत पोचलो तेव्हा मंगल शेतातून आली, कमरेला वेचलेल्या कापसाची ओटी बांधलेली. शाहीनला पाहून ती जागीच थबकली. शाहीन म्हणाली, "मी सांगायला आले, तू जिंकलीस म्हणून. आमच्या गावात पण सांगून आले."

संपादकांनी मंगलला विचारलं, "ती शेवटची पकड कशी झाली, सांगशील मला?"

"सांगता न्हाई यायचं, साहेब." तिनं ओटी सोडून कापूस ढिगावर टाकला. "दाखवते."

अंगणात पायानंच रेषा ओढली गेली. शाहीननं ओढणी कमरेला बांधली आणि पुन्हा तीच चढाई केली. कबड्डी कबड्डी म्हणत आली, हात लावला, वळली, आणि मंगल घोट्याला चिकटली. दोघी धुळीत. शाहीन मनापासून ओढत होती. नाटक नव्हतं ते. आजूबाजूच्या बायका हातातली कामं टाकून धावत आल्या. कुणी "ओढ" म्हणे, कुणी "सोडू नको". शाहीनचा दम तुटला तेव्हा बोट अलीकडेच होतं, या वेळी जरा जास्तच. मग दोघी उताण्या पडून हसायला लागल्या.

मी आप्पांकडं पाहत होते. ते बाजेवरून कधी उठले होते, त्यांनाही कळलं नसावं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की या माणसानं आपल्या मुलीचा खेळ आजवर कधी पाहिलाच नव्हता. सामने व्हायचे तेव्हा ते शेतात असायचे.

"ही पकड तुला शिकवली कुणी?" त्यांनी विचारलं.

"कुणी न्हाई. गोऱ्हे धरून धरून आली," मंगल म्हणाली.

बायका खदखदून हसल्या. आप्पा हसले नाहीत, पण पुढं होऊन त्यांनी शाहीनला हात देऊन उठवलं आणि तिच्या पाठीवरची धूळ झटकली. म्हणाले, "लागलं का गं लेकी?"

 परतताना जालना जवळ आल्यावर संपादक रफिक सरांना म्हणाले, "परवानगी मागितली तर मिळणार नाही. म्हणून मागत नाही. छापतो. वरचं मी बघून घेईन." त्यांची निवृत्ती अगदी जवळ आली होती, हे मला पुढं कळलं. अशा वेळी माणूस सांभाळून वागतो. ते तसे वागले नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या अंकात खुलासा पहिल्या पानावर, अगदी वर होता. मोठ्या अक्षरात, "सावरवाडी जिंकली होती. आम्ही चुकीचे छापले." खाली संपादकांनी स्वतः लिहिलेला सामना, त्याखाली अंगणात घेतलेला दोघींचा फोटो, केसांत धूळ आणि कापूस. मंगलचं पूर्ण नाव, शाहीनचं पूर्ण नाव, दोन्ही गावं. मी पेपर घेऊन मिळेल त्या गाडीनं राजूर गाठलं आणि पुढं एका बैलगाडीत बसून सावरवाडी. आप्पांना वाचता येत नव्हतं. मंगलनं मोठ्यानं वाचून दाखवलं. स्वतःचं नाव आलं तिथं तिचा आवाज बारीक झाला. आप्पांनी ती ओळ कुठली ते विचारून घेतलं, तिच्यावर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून मला म्हणाले, "शिबिराला सामान काय काय लागतं, बाई? घोंगडं चालंल का तिथं, का रजई लागती?"

रजई शाहीनच्या अब्बांनी भरून दिली.

वरच्या कार्यालयातून संपादकांना खरमरीत पत्र आलं, असं म्हणतात. पण ते निवृत्त होण्याआधीच पेपरची जिल्ह्यातली मागणी इतकी वाढली की पत्राचं पुढं काही झालं नाही. पुढच्या हंगामात सगळ्या भाषांच्या आवृत्त्यांना नियम आला. बातमीदाराला विचारल्याशिवाय गावाचं नाव बदलायचं नाही, आणि चूक ज्या पानावर, खुलासा त्याच पानावर. तो नियम आजही आहे. नव्या मुलांना तो पाठ असतो, कुठून आला ते माहीत नसतं. त्यांना छापखानेवाला आणि त्याची सायकल ठाऊक असते. रफिक सर काही वर्षांपूर्वी गेले. त्यांच्या निधनाच्या बातमीत गावाचं नाव मी स्वतः तपासलं. मोठे सामने, मोठे विजय या पेपरनं कितीतरी छापले आणि ते छापणाऱ्यांत मीही होते. पण एवढी वर्षं हा पेपर लोकांच्या दारात कसा टिकला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडं सांगायला ती पहिल्या पानावरची ओळ आहे. मी लेखात तेच लिहून पाठवलं. तरुण सहसंपादकाचा फोन आला, "मॅडम, हे आपल्या चुकीबद्दल आहे. विशेष अंकात चालेल?" मी म्हटलं, चालेल. पहिल्या पानावर घ्या.

परवा जालन्यात मुलींचे जिल्हास्तरीय सामने होते. आता जिल्हा वार्ताहर म्हणून तरुण मुलं आहेत, मला जायची गरज नव्हती. पण घरात बसवेना. परतूरचा संघ आला होता, शाहीन त्यांची शिक्षिका. मुलींवर ओरडून तिचा आवाज बसला होता. शेवटची चढाई सुरू झाली, सगळं मैदान उभं राहिलं. फोटोग्राफर पुढं सरकले, त्यांच्याबरोबर मीही, नकळत, अगदी मैदानाच्या कडेपर्यंत. तोच शिट्टी वाजली. खेळ थांबला. काळ्या-पांढऱ्या गणवेशातली पंच आमच्याकडं ताडताड चालत आली. खांदे तसेच रुंद, केसांत थोडी पांढरी.

"पेपरवाले, रेषेच्या मागं!" तिनं हात उगारून दाखवलं. माझ्याकडं नजर गेली तेव्हा क्षणभर तिच्या डोळ्यांत हसू चमकलं, पण हात खाली आला नाही.

"ताई, तुम्हीसुद्धा," मंगल म्हणाली.

मी मागं सरकले. तिनं रेषा पाहिली, माझे पाय पाहिले आणि शिट्टी तोंडाला लावली.